पाच महिने मी आणि लेक

बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण निवांत बसायला मिळत नव्हतं आणि मिळालं की डोळे मिटायचे, त्यामुळे राहूनच गेलं. आमची लेक आता चौदा महिन्यांची आहे. ती साडेसहा महिन्यांची असताना बायकोची बाळंतपणाची रजा संपली, ती कामावर परत गेली आणि पुढचे पाच महिने मी घरी राहिलो. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत घरात फक्त आम्ही दोघं, मी आणि लेक. दोन-तीन मित्र आता बाबा होणार आहेत, ते विचारत होते की नेमकं कसं जमवलं, तर प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

सुरुवात जन्माच्या दिवसापासूनच करायला हवी. सिझर झालं होतं, बायकोला आत टाके घालत होते आणि नर्स बाहेर येऊन मला म्हणाल्या, शर्टाची बटणं उघडा आणि खुर्चीत मागे टेकून बसा. त्यांनी लेकीला नुसत्या डायपरवर माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून पांघरूण घातलं आणि त्या दुसऱ्या कामाला गेल्या. ओलसर केस, लाल कान, मुठी घट्ट मिटलेल्या. तिचा श्वास भराभर चालायचा, मग चार-पाच सेकंद एकदम थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. तो थांबला की माझाही जीव टांगणीला लागायचा. नर्स परत आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, नवीन बाळं असाच श्वास घेतात, चेहऱ्याचा रंग बघा, गुलाबी आहे ना, मग ठीक आहे. तो जवळपास सव्वा तास होता. नंतर वाचलं की ही छातीशी धरायची पद्धत कोलंबियात बोगोटाच्या एका हॉस्पिटलमध्ये १९७८ साली डॉक्टर एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू केली, तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. आणि आई उपलब्ध नसेल तेव्हा वडिलांची छातीही चालते. त्या सव्वा तासात मला कुणी काही शिकवलं नाही पण हे माझं काम आहे एवढं मात्र तेव्हाच पक्कं झालं होतं.

तरीही पुढचे तीन महिने मी मदतनीसच होतो. आता लिहिताना ते स्पष्ट दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. डायपर बदलायचो, ढेकर काढायचो, आंघोळ घालायचो, कपडे धुवायला टाकायचो, रात्रीचं उठायचोही. सगळे म्हणायचे किती करतो, आणि मलाही वाटायचं की करतोय. मग एका रात्री, अडीच वाजले असतील, लेक रडायला लागली, मी लगेच उठलो, तिला उचललं आणि बायकोला विचारलं, "भूक लागलीय का तिला? डायपर बघू का आधी? की नुसतं फिरवू?" बायको उठून बसली. चिडली नव्हती, फक्त दमलेली होती. म्हणाली, "अरे, तू उठलास ते बरं केलंस. पण मलाही उठवलंसच ना."

त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं की तुझ्या डोक्यात आत्ता काय काय चालू आहे ते सगळं सांग, मी लिहून घेतो. तिने लेकीला दूध पाजता पाजता सांगायला सुरुवात केली. चौदाव्या आठवड्याची लस पुढच्या गुरुवारी. डायपर मांडीला वळ उठवतोय, पुढचा साइज आणायचा. झोपवतो पाठीवरच, पण ती सारखी उजवीकडेच मान वळवते म्हणून डोकं त्या बाजूला चपटं होतंय, तर झोपवताना दिशा बदलायची आणि जागी असताना दिवसातून तीन-चारदा पोटावर ठेवायचं. डी जीवनसत्त्वाचे थेंब संपत आलेत. नखं वाढलीत, झोपेत कापायची. मानेच्या घडीत दूध साचून लाल होतंय. कालपासून शी झालेली नाही, पण नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला दोन-चार दिवस नाही झाली तरी चालतं, फक्त पोट मऊ आहे ना बघायचं. दोन पानं भरली आणि ती अजून बोलतच होती. यातलं एकही काम मला जमणार नाही असं नव्हतं. पण यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. हात माझे चालायचे, लक्ष ठेवणं मात्र सगळं तिच्याकडे होतं, चोवीस तास.

म्हणून ठरवलं की तिची रजा संपेल तेव्हा मी घ्यायची. माझी काही आठवड्यांची भरपगारी रजा शिल्लक होती, बाकीची बिनपगारी. ते गणित आम्ही आधी चार महिने खर्च आवरून बसवलं, सगळ्यांना ते शक्य नसतं हे मला माहीत आहे. ऑफिसात सांगायला गेलो तेव्हा साहेबांचा पहिला प्रश्न होता, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" म्हणजे आई धडधाकट असताना बाबा घरी का राहील, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण मला लागलं ते. मी स्वीडनबद्दल वाचलं होतं, तिथे १९७४ सालीच आईच्या रजेऐवजी आईबाबा दोघांची मिळून रजा आली, तरी कितीतरी वर्षं ती बहुतेक आयाच घेत राहिल्या. मग १९९५ मध्ये त्यांनी एक महिना असा राखून ठेवला की दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही, घेतला तर घेतला नाहीतर वाया गेला, आणि तेव्हापासून वडील घरी राहायला लागले. आता एकूण ४८० दिवसांतले ९० दिवस आईसाठी आणि ९० दिवस बाबांसाठी राखीव असतात. नॉर्वेने हेच त्याआधी, १९९३ ला केलं होतं. उलट जपानमध्ये वडिलांना कागदावर वर्षभरापर्यंत रजा होती आणि घेणारे मात्र कितीतरी वर्षं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला वाटतं नुसती सोय देऊन भागत नाही, ‘ही तुमचीच आहे’ असं कुणीतरी म्हणावं लागतं. मला ते घरून बायको म्हणाली म्हणून जमलं.

पहिला सोमवार. बायकोने फ्रिजवर चार पानी यादी लावली होती, कितीला उठते, कितीला दूध, कोणत्या रडण्याचा काय अर्थ, कुठला आवाज केला की शांत होते. ती दारातून तीनदा परत आली. शेवटी गेली आणि लेक दाराकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे.

सगळ्यात आधी बाटली. आठवडाभर आधीपासून सवय लावायचा प्रयत्न चालू होता आणि ती बाटली तोंडात धरायचीच नाही. बायको घरात असली की तर मुळीच नाही, दुसऱ्या खोलीत असली तरी हिला कळायचं. पहिल्या दिवशी सकाळी दहाला नाकारली, साडेदहाला नाकारली, अकराला इतकी रडली की माझेच हात थरथरायला लागले. काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस, आणि एकदा बाळाने तोंड लावलं की उरलेलं दोन तासांत टाकायचं, हे सगळं पाठ होतं. पण प्रत्येक वेळी ओतून टाकावं लागणारं दूध म्हणजे बायकोने रात्री जागून काढलेलं दूध, ते सिंकमध्ये ओतताना पोटात तुटायचं. शेवटी दुपारी एकला मी प्रयत्नच सोडून दिला, तिला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो, बाहेर माणसं गच्चीवर पत्रे बसवत होती ते दाखवत होतो, आणि बाटली नुसती तिच्या ओठांजवळ धरून ठेवली, आत घातली नाही. पत्र्यांकडे बघता बघता तिने स्वतःच तोंड पुढे केलं. साठ मिली प्यायली. मी हललोसुद्धा नाही, उजवा पाय पूर्ण बधिर झाला होता. मग पुढचे दोन आठवडे दूध म्हणजे खिडकी, उभं राहून, तिचं तोंड बाहेर. बसून, आडवं धरून, आई पाजते तसं करायला गेलो की बिनसायचं. तिला माझ्याकडून आईची नक्कल नको होती, एवढं मला त्यातून कळलं, आणि ते कुठल्याच यादीत असणं शक्य नव्हतं.

चौथ्या दिवशी मी यादी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. चुकीची होती म्हणून नाही. पण लेक रडली की मी तिच्याकडे बघायच्या आधी फ्रिजकडे बघत होतो. बायको संध्याकाळी आली, तिला रिकामा फ्रिज दिसला आणि तिचा चेहरा पडला. "मी इतकं बसून लिहिलं होतं," एवढंच म्हणाली. मी समजावलं, पण मी आधी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. त्या चार पानांत तिचे सहा महिने होते.

रडणं ओळखण्याबद्दल एक सांगतो. २०१३ साली एक अभ्यास आला होता, फ्रान्स आणि काँगोतल्या आईबाबांना वेगवेगळ्या बाळांच्या रडण्याचे आवाज ऐकवून आपलं बाळ कोणतं ते ओळखायला सांगितलं होतं. आयांना जास्त कळतं असा आपला समज असतो ना, तर जे बाबा रोज चार तासांपेक्षा जास्त वेळ बाळासोबत असायचे त्यांनी आयांइतकंच बरोबर ओळखलं, कमी वेळ देणाऱ्यांचं जास्त चुकलं. मी हे वाचलं तेव्हा लेक माझ्या पोटावर झोपली होती आणि मला जो काही दिलासा मिळाला तो शब्दांत सांगता येणार नाही. कारण ‘आईला आतूनच कळतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला कधीच येणार नाही असं धरूनच चाललो होतो. तिसऱ्या आठवड्यात मला तिचं झोपेचं रडणं कळायला लागलं. ते आधी नाकातून येतं, कुरकुर, मग ती उजवा कान चोळते, आणि त्यानंतर साधारण दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात खोलीत अंधार करून तिला खांद्यावर घेतलं तर झोपते, दहाची पंधरा झाली तर पुढचा तासभर आकांत. भुकेचं रडणं वेगळं, ते एकदम वरच्या पट्टीत सुरू होतं आणि मध्ये थांबून थांबून, जणू उत्तराची वाट बघतेय. हे मला कुणी सांगितलं नाही. रोज दहा तास एकत्र काढले म्हणून कळलं, दुसरं काही कारण नाही.

आता जरा अवघड भाग. पाचव्या-सहाव्या आठवड्यात माझं मन फार खाली गेलं. बाहेरून सगळं नीट चालू होतं, ती दूध पीत होती, मऊ केलेले घास खायला लागली होती, आधार न घेता बसायला लागली होती. आणि मी दुपारी ती झोपली की भिंतीला टेकून बसायचो आणि काहीच करावंसं वाटायचं नाही. फोन आले तर घ्यायचो नाही. कुणी मोठं माणूस दिवसभर बोलायला नाही, केलेलं काम दोन तासांत पुसलं जातं, परत तेच. एकदा ती पाऊण तास रडत होती, मी तिला पाळण्यात सुरक्षित ठेवलं, दार लोटून घेतलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. पाच मिनिटं. मग तोंड धुऊन परत गेलो. बाळाला सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाजूला होणं यात काही गैर नाही, आपला तोल जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं, हे मला नंतर समुपदेशक बाईंनी सांगितलं, तेव्हा मात्र मला मोठा गुन्हा केल्यासारखं वाटत होतं.

बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मला दुसऱ्या महिन्यात असंच होत होतं, आठवतंय? मला सगळ्यांनी विचारलं होतं. तुला कुणी विचारलंच नाही." खरं होतं ते. बाळंतपणानंतर तिला हॉस्पिटलमध्ये दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला होता, एडिनबरामध्ये १९८७ साली तयार झालेली प्रश्नावली आहे ती, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं असं विचारतात. मला तसं कुणी काही दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. समुपदेशक बाईंनी तोच कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांनीच सांगितलं की बाबांनाही हे होतं, २०१० साली ४३ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साधारण दहातल्या एका वडिलांमध्ये नैराश्य दिसलं होतं, आणि मूल तीन ते सहा महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त. मी चारदा गेलो त्यांच्याकडे. औषधाची गरज पडली नाही, कुणाला पडली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा, रोज लेकीला कॅरियरमध्ये छातीशी बांधून अर्धा तास बाहेर चालणं, आणि दिवसातून एकदा एका मित्राला फोन करणं, विषय कुठलाही चालेल. तुम्ही बाबा असाल आणि असं काही होत असेल तर कृपया थांबू नका, सांगा कुणालातरी. पुरुषाने सहन करायचं असतं वगैरे जे आपल्या डोक्यात भरलेलं असतं ना, त्याने बाळाचं काही भलं होत नाही.

आठव्या महिन्यात नवीनच सुरू झालं. मी खोलीतून बाहेर पडलो की टाहो. या वयात आपण दिसेनासे झालो तरी कुठेतरी आहोत हे बाळाला कळायला लागतं, पण परत येणार की नाही ते कळत नाही, म्हणून हे रडणं. त्याच सुमारास ती संध्याकाळ आली. बायको साडेसहाला दारात, खांद्याला बॅग, तिने हात पुढे केले, "ये", आणि लेकीने माझ्या मानेत तोंड खुपसलं. माझा टी-शर्ट मुठीत घट्ट धरून ठेवला. बायको हसली, "असू दे, असू दे," म्हणाली, बॅग ठेवली, चपला काढल्या आणि सरळ आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराबाहेर लेकीला घेऊन उभा होतो आणि मला कळत नव्हतं की काय बोलू, कारण खरं सांगायचं तर त्या मुठीने मला आनंदही झाला होता.

त्यातून आम्ही मार्ग काढला तो साधा होता. ती आली की मी पाऊण तास घराबाहेर जायचो. नुसता दुसऱ्या खोलीत नाही, बाहेर. पहिले दोन दिवस रडारड झाली, मग नाही. पण त्याआधी एक घडलं. मी चपला घालता घालता म्हणालो, "आज दुपारची झोप कमी झालीय, आंघोळ नको घालूस, आणि तो पिवळा फ्रॉक नको, गळ्याला टोचतो तिला." बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "आता तू यादी लावणार का फ्रिजवर?"

मी गप्प बसलो आणि खाली उतरलो. परत आलो तेव्हा आंघोळ झालेली होती, पिवळा फ्रॉक अंगात होता आणि लेक आईच्या कुशीत गाढ झोपली होती. लोक म्हणतात आया मुलांना सोडत नाहीत, दुसऱ्याचं केलेलं त्यांना पटत नाही, मीसुद्धा म्हणायचो. तो आईचा स्वभाव नसतो हो. जो दिवसभर बाळासोबत असतो त्याचं तसं होतं, माझं दोन महिन्यांत झालं.

नंतर तो ताप. बायको दोन दिवस कामासाठी बाहेरगावी, पहिल्याच रात्री लेकीचं अंग तापलं. थर्मामीटरवर ३९.२. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ३८ ला पोचलं की थेट डॉक्टर, ते मला माहीत होतं, पण ही साडेआठ महिन्यांची, मग आकड्यापेक्षा बाळाकडे बघायचं. दूध पितेय का, डायपर ओला होतोय का, हाक मारली की बघते का, श्वास ओढून घेतेय का. औषधाचा डोस वयावर नसतो, वजनावर असतो, आणि तिचं वजन मला त्या आठवड्याचं माहीत होतं, सात किलो आठशे. डॉक्टरांनी मागच्या भेटीत लिहून दिलेल्या प्रमाणात औषध दिलं, वेळ कागदावर लिहिली, पातळ कपडे घातले, आणि रात्रभर तिला शेजारी ठेवून दर तासाला बघत बसलो. पहाटे साडेचारला ३८.१ झालं आणि ती डोळे उघडून माझी मिशी ओढायला लागली तेव्हा कुठे जिवात जीव आला. सहा वाजता बायकोला फोन केला. रात्रभर ताप किती होता, औषध किती वाजता दिलं, किती वेळा लघवी झाली, नऊला डॉक्टरांकडे नेतोय, असं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी निघू का?" मी म्हटलं, "तुला यावंसं वाटत असेल तर ये. पण माझ्यासाठी नको." ती दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणेच आली.

डॉक्टरांनी आत गेल्यावर पहिल्यांदा माझ्या मागे दाराकडे बघितलं, आई येतेय का म्हणून. मग मी सांगायला लागलो आणि दोन मिनिटांनी ते माझ्याकडे बघून लिहायला लागले. म्हणाले तीन दिवस ताप राहील कदाचित, मग अंगावर पुरळ येईल, घाबरू नका, रोझिओला वाटतोय, या वयात होतो. तसंच झालं. चौथ्या दिवशी ताप गेला, पोटावर-पाठीवर गुलाबी पुरळ उठलं, दोन दिवसांत तेही गेलं.

त्याच आठवड्याच्या शेवटी माझे बाबा राहायला आले. बाबा अडुसष्ट वर्षांचे, कमी बोलणारे. पहिले दोन दिवस नुसते खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मी डायपर बदलत होतो तर शेजारी येऊन उभे राहिले. "पुढची बाजू कोणती रे याची?" मी दाखवलं. पुसताना पुढून मागे पुसायचं, मुलगी आहे म्हणून, ते सांगितलं. पट्टी किती आवळायची, तर दोन बोटं आत जातील एवढी. त्यांनी पुढच्या वेळी स्वतः बदलला, दोन बोटं घालून बघितली, परत घालून बघितली. मग लेकीचा पाय हातात धरून म्हणाले, "तू असा होतास तेव्हा मला कुणी हात लावू द्यायचं नाही. मी बाहेर बाकावर बसलो होतो, तुला दाखवलं तेव्हा तू दुपट्यात होतास, नुसतं तोंड दिसत होतं. पाय बघितलेच नाहीत तुझे." आणि तिची बोटं मोजत बसले. मी तिथून उठून गेलो, मला आवरलं नसतं. चाळीस वर्षांत आमच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं. जायच्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेलं मला सापडलं, तारीख घालून, सकाळची झोप इतके ते इतके, दुपारची इतके ते इतके. चौदा दिवसांचं, एकही दिवस न चुकता.

पाच महिने संपले तेव्हा लेक साडेअकरा महिन्यांची होती, टेबलाला धरून उभी राहायची. पाळणाघर आम्ही आधी तिघांनी जाऊन बघितलं होतं. पहिल्या दिवशी मी तासभर तिच्यासोबत बसलो, दुसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर थांबलो, असं करत करत दोन आठवडे वाढवत नेलं. निघताना चोरून निघायचं नाही, रडली तरी सांगून निघायचं, "बाबा जातोय, दूध झालं की येणार," आणि खरंच त्या वेळेला यायचं, हे मी कटाक्षाने पाळलं. आठव्या दिवशी ती रडली नाही, दुसऱ्या एका मुलाच्या हातातला चमचा ओढत होती. रडलो मी, कोपऱ्यावर जाऊन.

नाव नोंदवताना फॉर्मवर आधी आईचा नंबर आणि त्याखाली बाबांचा असे रकाने होते. मी बायकोला विचारलं, तिने मान हलवली, आणि मी पहिल्या रकान्यात माझा नंबर लिहिला. तिच्या कामात फोन घेता येत नाही तासन्‌तास, माझ्या कामात येतो, एवढंच.

मी ऑफिसात परत गेलो त्याला नऊ दिवस झाले होते. दुपारी पावणेबाराला मीटिंग चालू असताना पाळणाघरातून फोन आला. पलीकडून बाईंचा आवाज, जरा गोंधळलेला, "हॅलो, आईंशी बोलायचं होतं, बाळाचं अंग गरम लागतंय."

"मी बाबा बोलतोय," मी म्हटलं, "किती आहे? दूध प्यायली का? आणि उजवा कान चोळतेय का बघा जरा." मीटिंगमधल्या लोकांना हात केला आणि बॅग उचलली.